बांध मोठा, शेत लहान

अमक्याचे शेत केवढे, असे कोणी विचारले की सांगणारा हात लांब करून सांगतो, "त्या बाभळीपासून पार ओढ्यापर्यंत त्याचाच बांध आहे." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बांध उभा राहतो आणि बांध लांब म्हणजे शेत मोठे, असा हिशेब मनात आपोआप होऊन जातो. एरवी गप्पांपुरता तो निभावतो. पण वाटणीच्या दिवशी, खरेदीच्या दिवशी आणि कुंपणाची तार आणायला तालुक्याला निघालेल्या दिवशी हाच हिशेब घात करतो. बांधाची लांबी ही एक गोष्ट आहे आणि बांधाच्या आत किती जमीन आहे ही अगदी दुसरी. शाळेच्या पुस्तकात एकीला परिमिती आणि दुसरीला क्षेत्रफळ म्हटले आहे. मुले ती दोन्ही सूत्रे पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. शेतकऱ्याला मात्र ती विसरून चालत नाही, कारण तार परिमितीला लागते आणि ज्वारी क्षेत्रफळावर येते.

आपल्याकडचे जुने माप या हिशेबाला फार सोयीचे आहे. मुंबई इलाख्यातील मोजणीत साखळी ३३ फुटांची असे आणि तिचे १६ आणे धरीत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एक एकर. आता सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले; पण गुंठा हा आरापेक्षा किंचितच मोठा, १०१ चौरस मीटरांच्या आसपास आहे. म्हणून येथे आपण बांध साखळीने आणि शेत गुंठ्यानेच मोजू.

रात्री जेवणे उरकली की काड्यापेटीतील २४ काड्या काढा आणि मुलांना जवळ बसवा. एक काडी म्हणजे एक साखळी बांध. काडी मोडायची नाही, उरवायची नाही, आणि चारी कोपरे काटकोनात ठेवून चौकोन करायचा. प्रत्येक बाजूला ६ काड्या ठेवल्या तर आत ६ गुणिले ६, म्हणजे ३६ गुंठे बसतात. आता लांबी ७ आणि रुंदी ५ करा. काड्या तितक्याच, आत मात्र ३५ गुंठे. ८ आणि ४ केले तर ३२. ९ आणि ३ केले तर २७. १० आणि २ केले तर २०. शेवटी ११ आणि १ असा चिंचोळा पट्टा करा. काड्या अजून २४ च आहेत, बांधावरून चालणाऱ्याला तितकीच पावले टाकावी लागतील. पण आत उरले ११ गुंठे! बांध एका वितीनेही कमी झाला नाही आणि २५ गुंठे जमीन नाहीशी झाली.

एखादे चलाख पोर यात आणखी एक गंमत शोधून काढील. चौरसाच्या मानाने तूट किती किती आली ते पाहा: १, ४, ९, १६, २५. एकाचा वर्ग, दोनाचा, तीनाचा, चाराचा, पाचाचा. लांबी सहापासून जितक्या साखळ्या सरकली, तिच्या वर्गाइतके गुंठे गेले. म्हणजे थोडेसे सरकले तर फारसे बिघडत नाही. ७ आणि ५ च्या शेतात एकच गुंठा जातो. पण पट्टा जसजसा लांबत जातो तसतशी तूट झपाट्याने वाढते.

असे का व्हावे? ६ गुणिले ६ च्या चौरसाची एक बाजू एक साखळीने आत घ्या. म्हणजे ६ गुंठ्यांची एक पट्टी कापून निघाली आणि ५ गुणिले ६ चे शेत राहिले. बांध तितकाच ठेवायचा तर दुसऱ्या दिशेने एक साखळी वाढवावी लागेल. पण त्या दिशेची बाजू आता ५ साखळ्यांचीच आहे. कापलेली पट्टी ६ गुंठ्यांची आणि तिला बसायला जागा ५ गुंठ्यांची. एक गुंठा बाहेर राहतो. पुढच्या खेपेला ७ ची पट्टी कापावी लागते आणि जागा ४ ची असते. तीन गुंठे बाहेर. जास्त कापायचे आणि कमी जोडायचे, असा हा तोट्याचा धंदा आहे.

आता उलट बाजूने पाहू. जमीन तितकीच ठेवू, ३६ गुंठे, आणि बांध किती लागतो ते मोजू. ६ गुणिले ६ ला २४ साखळ्या, म्हणजे ७९२ फूट. ९ गुणिले ४ ला २६ साखळ्या, १२ गुणिले ३ ला ३०, १८ गुणिले २ ला ४०. आणि एकच साखळी रुंद असा ३६ साखळ्या लांब पट्टा असेल तर ७४ साखळ्या, म्हणजे २,४४२ फूट. सातबाऱ्यावर ही पाचही शेते एकसारखीच दिसतील, कारण सातबारा क्षेत्र सांगतो, आकार सांगत नाही. आकार पाहायचा तर नकाशा काढावा लागतो. पण रानडुकरांपायी काटेरी तारेचे पाच पदर ओढायचे ठरवले, तर चौरस शेताला ३,९६० फूट तार लागेल आणि त्या लांब पट्ट्याला १२,२१० फूट. दर १० फुटांवर खांब धरला तर एकाला ७९ आणि दुसऱ्याला २४४. पीक दोघांचेही ३६ गुंठ्यांचेच.

कुंपणाचे सोडा, राखणही बांधाबरोबरच वाढते. शेजारच्या झाडांची सावली बांधालगत पडते, चुकार जनावर बांधावरून तोंड घालते. चिंचोळ्या पट्ट्यात बांधापासून दूर अशी जागाच थोडी असते. सारे शेत म्हणजे एक लांबलचक कडा.

वाटणीच्या वेळी काय होते ते पाहू. समजा, दोघा भावांपुढे दोन तुकडे आहेत. एक ६ साखळ्या चौरस. त्याचा बांध २४ साखळ्या. दुसरा १० साखळ्या लांब आणि ३ साखळ्या रुंद. त्याचा बांध २६ साखळ्या. दोघे पंचांबरोबर बांधावरून फिरून येतात. थोरला म्हणतो, "तू धाकटा आहेस, मोठा तुकडा तू घे." पंच माना डोलावतात. बाप असता तर त्याचेही डोळे भरून आले असते. प्रत्यक्षात धाकट्याच्या वाट्याला ३० गुंठे आले आणि थोरल्याला ३६ राहिले. थोरल्याच्या मनात कपट असेलच असे नाही. तोही बिचारा बांध पाहूनच बोलत असेल. पण सहा गुंठे इकडचे तिकडे झाले आणि दहा वर्षांनी कोणीतरी टेप लावला, तर त्या घरात बोलणे बंद होते ते कायमचे.

ही लबाडी, किंवा भाबडेपणा म्हणा, फार जुना आहे. ग्रीक पंडित प्रोक्लस हा पाचव्या शतकात होऊन गेला. युक्लिडच्या भूमितीवर टीका लिहिताना त्याने सांगून ठेवले आहे की, जमिनीच्या वाटपात काही लोक मुद्दाम लांब हद्दीचा तुकडा घेतात आणि नंतर तो आखूड हद्दीच्या तुकड्याशी बदलून देतात. जमीन जास्त मिळते आणि वर सज्जन माणूस म्हणून लौकिकही मिळतो! त्याच्याही सुमारे सहाशे वर्षे आधी पॉलिबियस या इतिहासकाराने तक्रार केली होती की, मेगॅलोपोलिस शहराचा घेर ५० स्टेडिया आणि स्पार्टाचा ४८, तरीही स्पार्टा दुपटीने मोठे आहे, असे म्हटले की लोकांना ते खरेच वाटत नाही.

दोन भावांचे ठीक. तीन पिढ्यांत काय होते ते यापेक्षा मोठे आहे. एक शेत घ्या, १२ साखळ्या चौरस, म्हणजे १४४ गुंठे किंवा ३ एकर २४ गुंठे. मालकाला चार मुलगे. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे उभे चार पट्टे पडले. प्रत्येकाला १२ साखळ्या लांब आणि ३ साखळ्या रुंद, ३६ गुंठे. आत नवे तीन बांध आले, प्रत्येकी ३९६ फूट. पुढच्या पिढीत प्रत्येकाला दोन मुलगे आणि पुन्हा उभीच वाटणी. आता आठ पट्टे आणि सात बांध. तिसऱ्या पिढीत पुन्हा तसेच झाले तर सोळा पट्टे, पंधरा बांध, आणि एकेक पट्टा ३९६ फूट लांब व पावणेपंचवीस फूट रुंद. बैलजोडी आडवी उभी केली तर पट्ट्याचा बराच भाग तीच अडवील. बांधाची रुंदी तीन फूट धरली तर पंधरा बांधांखाली १७,८२० चौरस फूट, म्हणजे सोळा गुंठ्यांहून जास्त जमीन गेली. प्रत्येकाच्या वाट्याला नऊ गुंठे होते, हे लक्षात घ्या. म्हणजे जवळजवळ दोन भावांचे हिस्से नुसत्या बांधांनी खाल्ले. पट्टे न पाडता चार उभे आणि चार आडवे असे चौरस पाडले असते तर सहा बांध पुरले असते आणि त्यांच्याखाली साडेसहा गुंठे गेले असते.

मग आपले वाडवडील खुळे होते काय? मुळीच नाही. उभ्या पट्ट्यात प्रत्येकाला रस्त्याकडचे एक टोक मिळते. वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला काळी असेल तर दोन्हीचा वाटा सर्वांना सारखा येतो. विहिरीचा पाट डोक्याकडून फिरवला की सगळ्यांना पाणी. चौरस तुकडे पाडले की मधल्या भावाला वाट कोणी द्यायची, हा प्रश्न उभा राहतो आणि त्या वाटेत पुन्हा जमीन जाते. भांडण होऊ नये म्हणून वाडवडिलांनी बांध पत्करला, असे मला वाटते. एका पिढीपुरता तो सौदा वाईट नव्हता. तिसऱ्या पिढीत मात्र तो आतबट्ट्याचा होतो. जमिनीचे फार बारीक तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ सालीच मुंबई सरकारने तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा केला, त्यामागे हेही एक कारण होतेच. हिस्से कागदावर वेगळे ठेवून, हद्दीला नुसते दगड रोवून, नांगरट मात्र एकत्र करणारी काही घरे असतात. त्यांचे बांधाखाली जाणारे गुंठे वाचतात. त्यासाठी भावाभावांत जे लागते ते मात्र गणिताच्या पुस्तकात सापडत नाही.

लांबट शेताची आणखी एक बाजू सांगायला हवी, नाहीतर चौरसाचे उगाच स्तोम माजेल. ३६ गुंठ्यांचेच शेत घ्या. चौरस असेल तर बाजू १९८ फूट. तीन-तीन फुटांवर कपाशीच्या ओळी धरल्या तर ६६ ओळी होतात आणि कोळपे प्रत्येक ओळीच्या टोकाला वळवावे लागते. तेच शेत १२ गुणिले ३ साखळ्या, म्हणजे ३९६ फूट लांब आणि ९९ फूट रुंद असेल, तर लांबीच्या ३३ ओळी पुरतात. वळणे निम्मी, बैलांचे श्रम कमी, ट्रॅक्टर असेल तर डिझेलही कमी, आणि दोन्ही टोकांना वळायला सोडलेली जागाही निम्मी. कुंपणाला १९८ फूट जास्त लागेल, पण ते एकदाच घालायचे असते. कोळपणी दरवर्षीची आहे. तेव्हा शेत कुंपणाचे की कोळप्याचे, हे ज्याने त्याने ठरवावे. उतारावर तर लांबी आडवी, म्हणजे उताराच्या विरुद्ध असलेलीच बरी. उताराच्या दिशेने गेलेल्या लांब पट्ट्यात माणूस सऱ्याही तशाच पाडतो आणि माती पावसाबरोबर खाली जाते.

आकार तोच ठेवून शेत लहानमोठे केले तर काय होते, हेही थोडक्यात पाहू. एका गुंठ्याच्या चौरसाला चार साखळ्या, म्हणजे १३२ फूट कुंपण लागते. ३६ गुंठ्यांच्या चौरसाला ७९२ फूट, म्हणजे गुंठ्यामागे २२ फूट. १४४ गुंठ्यांच्या चौरसाला गुंठ्यामागे ११ च फूट. बाजू दुप्पट झाली की बांध दुप्पट होतो, पण जमीन चौपट होते. मोठ्या शेतकऱ्याला कुंपण परवडते आणि लहानाला परवडत नाही, याचे कारण नुसते पैशाचे नाही. लहानाच्या प्रत्येक गुंठ्यावर ताराच जास्त पडतात. दोघातिघा शेजाऱ्यांनी मिळून एकच बाहेरचे कुंपण घातले तर हा बोजा हलका होतो.

चौकोनापुरतेच बोलायचे तर चौरस सर्वांत किफायतशीर. पण चौकोनाचा हट्ट सोडला तर त्याहून पुढे जाता येते. २४ साखळ्या बांधाचा सारख्या बाजूंचा त्रिकोण केला तर आत पावणेअठ्ठावीस गुंठेसुद्धा बसत नाहीत. म्हणून कालवा किंवा रस्ता तिरका गेला आणि शेताचे तिकोनी तुकडे पडले की बांध फार आणि जमीन थोडी, असे होते. तोच २४ साखळ्यांचा बांध गोल घातला तर आत पावणेसेहेचाळीस गुंठ्यांहून थोडी अधिक जमीन मावते. दिलेल्या घेरात सर्वांत जास्त जागा देणारा आकार गोलच. आता कोणी गोल शेत करत नाही, कारण गोलाशेजारी गोल ठेवला की मध्ये खाचे उरतात. पण खळे गोल असते, विहीर गोल असते, कणगी गोल असते. खळ्याच्या मधोमध तिवडा आणि त्याभोवती बैल फिरणार, म्हणून ते गोल. गोल विहिरीवर माती चहूबाजूंनी सारखी दाबते, म्हणून तिचे बांधकाम टिकते. त्याखेरीज कमी घेरात जास्त जागा, हा फायदा दोघांनाही फुकटात मिळतो.

घरातल्या बायकांनी करून पाहावे असे दोन हिशेब येथेच सांगतो. ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असा एक पत्रा आहे. त्याची गुंडाळी करून धान्याची कोठी करायची. पत्रा उभा गुंडाळला तर कोठी ८ फूट उंच आणि ४ फूट घेराची होते. आडवा गुंडाळला तर ४ फूट उंच आणि ८ फूट घेराची. पत्रा तोच, पण उंच कोठीत १० घनफूट धान्य मावेल आणि बुटक्या कोठीत २० घनफुटांहून थोडे जास्त. घेर दुप्पट झाला की तळ चौपट होतो. उंची निम्मी झाली तरी शेवटी दुपटीचा फायदा राहतोच. दुसरा हिशेब शेळ्यांच्या वाड्याचा. २४ फूट जाळी आहे आणि घराची मागची भिंत एका बाजूला वापरायची आहे. तीन बाजूंना आठ-आठ फूट जाळी लावून चौरस केला तर ६४ चौरस फूट जागा मिळते. पण भिंतीपासून बाहेर ६-६ फूट आणि समोर १२ फूट लावली तर ७२. भिंत फुकटची आहे, तिचा जास्त उपयोग करून घ्यावा. आणि दोन भिंतींचा कोपरा मिळाला तर १२-१२ फूट लावून १४४ चौरस फूट!

आतापर्यंत आपण चारी कोपरे काटकोनात धरून चाललो. शेते अशी कुठे असतात? आणि खरेदीतला मोठा घोटाळा येथेच होतो. अंगणात पडलेली बाज आठवा. जुनी झाली की तिचे सांधे सैल होतात आणि एका कोपऱ्याला ढकलले की ती तिरपी होते. चारी दांड्या तितक्याच लांब राहतात, पण आतली जागा कमी होते. आणखी ढकलली तर समोरासमोरच्या दांड्या एकमेकींना टेकतील आणि आत माणूस तर सोडाच, मांजरही निजणार नाही. चार बाजू मोजून चौकोनाचे क्षेत्र कळत नाही, ते यामुळे.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त हे ठणकावून सांगितले आहे. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे आत दाबले की त्यांच्यामधला कर्ण आखडतो आणि दुसरा लांबतो, बाजू मात्र त्याच राहतात, असे त्यांनी समजावून दिले. कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून वाईट ठरवले. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. म्हणजे ही गोष्ट आपल्या मुलखात आठशे वर्षांपूर्वीच शिकवली जात होती.

तरीही व्यवहारात सोपी रीत चालते. समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी घ्यायची, दुसऱ्या जोडीची सरासरी घ्यायची आणि दोहोंचा गुणाकार करायचा. ही रीतही जुनीच. इजिप्तमध्ये एडफू येथील देवळाच्या भिंतीवर देवस्थानच्या जमिनींची क्षेत्रे कोरलेली आहेत, ती याच रीतीने काढलेली. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ही रीत दिली. पण तिने येते ते स्थूल फळ, म्हणजे ढोबळ उत्तर, असे स्पष्ट म्हटले. ढोबळ म्हणजे कधी जास्त, कधी कमी, असे कोणाला वाटेल. तसे नाही. चारी कोपरे काटकोनात असतील तरच हे उत्तर बरोबर येते. एरवी ते नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच येते, कमी कधीच येत नाही. विकणाऱ्याला ही रीत का आवडते ते आता ध्यानात येईल.

एक उदाहरण घेऊ. शेताच्या दोन बाजू २६४-२६४ फूट आणि दोन बाजू १६५-१६५ फूट भरल्या. म्हणजे ८ साखळ्या आणि ५ साखळ्या. गुणाकार ४०, विकणारा म्हणतो, "बरोबर एकर आहे." पण शेत बाजेसारखे तिरपे आहे. लांब बांधावरून समोरच्या बांधापर्यंत सरळ, काटकोनात टेप धरला तर अंतर १६५ नाही, १३२ फूट भरते, म्हणजे ४ च साखळ्या. खरे क्षेत्र ८ गुणिले ४, म्हणजे ३२ गुंठे. एकराचे पैसे मोजले आणि आठ गुंठे हवेतच राहिले. बांध चारी बाजूंनी चोख मोजला होता, साक्षीदारही होते, टेपही खरा होता.

यावरचा उपाय अवघड नाही. चार बाजूंबरोबर शेताचे दोन्ही कर्ण, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची अंतरे मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे भरले तर शेत काटकोनी आहे; खुशाल लांबी-रुंदीचा गुणाकार करा. वरच्या शेतात एक कर्ण सुमारे ३८६ फूट भरेल आणि दुसरा २११. एवढा फरक दिसला की समजावे. मग लांब कर्णावर दोरी ताणून ठेवा. राहिलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्या दोरीपर्यंत काटकोनात अंतरे मोजा, हे लंब. दोन्ही लंबांची बेरीज करून तिला कर्णाने गुणा आणि निम्मे करा. येथे लंब सव्वानव्वद-सव्वानव्वद फूट येतात, बेरीज साडेएकशेऐंशी. ३८६ ने गुणून निम्मे केले की सुमारे ३४,८३६ चौरस फूट. त्याला १,०८९ ने भागले की ३२ गुंठे. पाच-सहा कोपऱ्यांचे वेडेवाकडे शेत असले तरी कर्ण टाकून त्याचे त्रिकोण पाडता येतात आणि एकेकाचे क्षेत्र काढून बेरीज करता येते. मोजणीदार पूर्वी शंकू आणि साखळी घेऊन शेतात हेच करीत. शंकूने काटकोन धरायचा आणि साखळीने अंतर मोजायचे.

घरी शंकू नसतो, पण गवंड्याच्या गुण्याचे काम दोरीही करते. दोरीला सारख्या अंतरावर खुणा करून १२ भाग पाडा आणि टोके जुळवा. ३, ४ आणि ५ भागांच्या बाजू होतील अशा तीन खुंट्यांना ती ताणून धरली की ३ आणि ४ यांच्यामधला कोपरा काटकोन असतो. घराचा पाया आखताना गवंडी हेच करतो.

हा घरचा हिशेब आपल्या समाधानासाठी आणि फसवणूक ओळखण्यासाठी. तो सातबाऱ्यावरील क्षेत्राशी ताडून पाहावा. चारदोन टक्क्यांचा फरक टेपच्या झोळाने किंवा बांधाच्या रुंदीनेही येतो. फरक गुंठ्यागुंठ्यांचा असेल तर विसार देण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज विकणाऱ्याला करायला लावावा. हद्द कायम होते ती त्याच मोजणीने. आता तेथे उपग्रहाच्या आधाराने चालणारी रोव्हर यंत्रे आली आहेत आणि नकाशा त्यांनी लवकर होतो. मोबाइल हातात धरून बांधावरून चालले की क्षेत्र सांगणारी सोयही आली आहे. मोठ्या चौरस शेताला अंदाज म्हणून ती ठीक आहे. पण साध्या मोबाइलची जागा दहापंधरा फुटांनी इकडेतिकडे होऊ शकते, आणि पट्टाच जेथे ३३ फूट रुंद आहे तेथे दहा फुटांची चूक म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. अशा पट्ट्याला टेप, दोरी आणि चार खुंट्या घेऊन दोघांनी सकाळी जावे. तासाभरात काम होते.